मंडळी रोडावत चाललीय, अशा दिवसांत विश्वासात टिकायचं कसं? (सोलापूर आणि सोलापूर सोडून गेलेले, सगळ्यांनी लिहा)

जुळे_सोलापूर_ताई

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस मनात आहे म्हणून धागा काढतेय.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नाताळला आणि गुड फ्रायडेला उभं राहायला जागा नसते आणि पुढच्याच रविवारी पुढचे दोन-चार बाक भरले तरी पुष्कळ. पेटी वाजवणारे काका थकलेत, त्यांच्या जागी बसेल असं कोणी तयार झालेलं नाही. तरुण संघ नावाला उरलाय. पोरं शिकली की हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला, तिथनं पुढं बंगलोर नाहीतर बाहेर, आणि तिकडं गेल्यावर आपणहून चर्च शोधणारी थोडी. २०२० ला चर्च बंद झाली तेव्हा मोबाईलवर उपासना सुरू झाली, त्यावेळी तो मोठा आधार होता यात वाद नाही, पण काही घरांतनं ती सवय गेलीच नाही, आता रविवारी सकाळी पोहे खात खात कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या पाळकांचा संदेश लावायचा आणि झाली उपासना.

माझा मुलगा बारावीला आहे. उद्धट नाही, प्रार्थनेलाही बसतो. पण परवा त्यानं मला मोबाईलवर दाखवलं की इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर आलेत, २०११ ला ५९.३ होते, आणि ३७.२ टक्के लोकांनी कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. म्हणाला, मम्मी, ज्या गोऱ्या लोकांनी आपल्याला हे दिलं त्यांच्याच घरात कोणी उरत नाहीये, मग आपण कशाला धरून बसलोय?

मला गर्दी कशी वाढवायची ते विचारायचं नाहीये. बॅन्ड आणा, प्रोजेक्टर लावा हे सल्ले कमिटीत ऐकून झालेत. मला हे विचारायचंय की काळ असा असताना आपण स्वतः विश्वासू कसं राहायचं, आणि लेकरांना काय द्यायचं की ते घर सोडून गेल्यावरही त्यांच्याजवळ राहील.

रेल्वे_लाईन्स_रिटायर्ड

सलाम ताई. मुलाचं कौतुक करा आधी, आकडे बघून का होईना पण विचारतोय. आमच्या वयाच्या लोकांनी हा प्रश्न विचारलाच नाही कारण चर्च, शाळा, दवाखाना, नोकरी सगळं एकाच कंपाउंडमध्ये होतं, विश्वास नसला तरी माणूस रविवारी यायचाच.

त्याला एक गोष्ट सांगा. सोलापूरला आले ते इंग्लंडचे नव्हेत, अमेरिकेचे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत सुरू झालं, मग नगरला गेलं आणि १८६० च्या दशकात आपल्याकडं आलं, रेल्वे नुकती पोचली होती तेव्हा. थोड्याच वर्षांत १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्यात सोलापूर जिल्हा फार होरपळला. ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी ही माणसं पाठवली त्या १९५७ ला युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्टमध्ये सामील झाल्या, तेव्हा वीस लाखांवर सभासद होते, आज दहा लाखाच्या आत आहेत. गॅलप नावाच्या संस्थेच्या पाहणीत १९९९ ला ७० टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते, २०२० ला ४७. म्हणजे तुमच्या मुलाचं म्हणणं खरंच आहे, मी ते खोडत नाही.

पण पुढचं पण त्याला दाखवा. प्यू नावाच्या संस्थेनं सगळ्या जगाचा हिशेब मांडलाय, २०१० ते २०२० मध्ये जगातल्या लोकसंख्येत ख्रिस्ती ३०.६ वरून २८.८ टक्क्यांवर आले, त्याच वेळी जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी सगळ्यात जास्त आता सहाराच्या दक्षिणेच्या आफ्रिकेत राहतात, युरोपात नाही. म्हणजे हे गोऱ्यांचं होतं आणि त्यांच्याबरोबर संपणार असं नाही.

आणि आपण बहुमतात होतो कधी? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्कासुद्धा नव्हते. इंग्लंडच्या माणसाला शेजारी कोणी चर्चला जात नाही याचा धक्का बसतो, आपल्या शेजारी कोणीच कधी जात नव्हतं. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळं शहर लोटतं त्यात आपण आपली प्रार्थनेची वेळ सांभाळत मोठे झालो की. थोडे असणं आपल्याला शिकवावं लागत नाही.

बायबलमधलं १ राजे १९ काढून वाचा. एलीया संदेष्टा म्हणतो मी एकटाच उरलो. देव त्याला सात हजारांचं सांगतो, ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आधी काय सांगतो ते कोणी वाचत नाही. आधी सांगतो परत फिर, हजाएलाला अभिषेक कर, येहूला कर, अलीशाला कर. आधी काम, मग मोजणी.

हिंजवडी_फेज२

काका सलाम. मी त्या हुतात्मावाल्या पोरांपैकीच एक, म्हणून लिहितो, राग मानू नका.

आम्ही देव सोडला असं सगळे धरून चालतात. माझं तरी तसं नाही. मी रोज प्रार्थना करतो, कंपनीच्या बसमध्ये करतो. मी सोडलं ते भांडणाला. आमच्या मंडळीत (नाव घेत नाही) जागेवरून दोन गट पडले, कोर्टात केस गेली, प्रभुभोजनाच्या रविवारी एक गट उठून बाहेर गेला, मी तेव्हा नुकताच कन्फर्मेशन घेतलेला पोरगा होतो आणि माझ्यासमोर ज्या काकांनी मला दहा आज्ञा पाठ करून घेतल्या तेच दुसऱ्या काकांच्या अंगावर धावून गेले. दुसरं म्हणजे प्रश्न. संडे स्कूलमध्ये मी विचारलं होतं की माझा मित्र सिद्धरामेश्वराला मानतो, माझ्यापेक्षा चांगला मुलगा आहे, त्याचं काय होणार. उत्तर मिळालं की असले विचार सैतान घालतो. मी परत विचारलं नाही. पुण्यात रूममेट नास्तिक आहे, तो माझं ऐकून घेतो, वाद घालतो, पण सैतान म्हणत नाही.

तर ताई, पोरगा तुम्हाला विचारतोय ना, ते सांभाळा.

महिला_मंडळ_मावशी

बाळा वाचून पोटात तुटलं. तुझ्यासमोर जे झालं ते पाप होतं, त्याला दुसरं नाव द्यायला नको. मोठी माणसं म्हणून आम्ही त्याबद्दल मंडळीत उभं राहून कधी क्षमा मागितली नाही, नुसतं केस मिटायची वाट बघत बसलो.

प्रश्नाचं मात्र तुला सांगते, आपल्या मराठी मंडळीचा वारसा गप्प बसण्याचा नाहीये. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि ज्या सिस्टरांनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीच पुढं पत्रांतनं वाद घातला, मला पटल्याशिवाय तुमची शिकवण मी घेणार नाही म्हणून. त्यांना कोणी सैतानाची म्हणालं असेलही, पण त्या थांबल्या नाहीत आणि सोडूनही गेल्या नाहीत. तू पुण्याला जातोस त्याच लाईनवर केडगाव लागतं, दौंडच्या पुढं. तिथं मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या मुली सांभाळल्या आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हातातलं काम ठेवलं नाही, पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. मला विश्वासू म्हटलं की ती बाई डोळ्यासमोर येते. तिला सगळी उत्तरं मिळाली होती असं मला वाटत नाही.

हिंजवडी_फेज२

मावशी, केडगाव खिडकीतून शंभरदा बघितलंय, उतरलो कधीच नाही.

थँक्यू तुम्ही पाप म्हणालात म्हणून.

पूर्व_भाग

नमस्ते. आमची तेलुगु मंडळी आहे, पूर्व भागात, बहुतेक लोक पॉवरलूम, टॉवेल कारखाना, विडीवाले. मराठी लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडे कमी नाही होत, वाढतेय. म्हणून मला वाटलं लिहावं. गुरुवारी कोणाच्यातरी घरी प्रार्थना असते, दहा बाय दहाच्या खोलीत, लूम बंद करून शेजारचे पण येतात. कोणी आजारी असला तर रात्रभर बसतात. पण ऱ्हास म्हणतात तो आमच्याकडे दुसऱ्या दारानं येतो. लोक बरं व्हायला येतात, कर्ज फिटायला येतात, आणि बरं नाही झालं की दुसऱ्या ब्रदरकडे जातात जो जास्त मोठा चमत्कार सांगतो. मग मी विचार करतो की हॉल भरलेला आहे पण विश्वास किती आहे. ताई तुमचे चार बाक जे दर रविवारी भरतात, काही न मिळता भरतात, ते मला कमी वाटत नाहीत.

रेल्वे_लाईन्स_रिटायर्ड

फार मोलाचं लिहिलंत. गिरण्या चालू होत्या तेव्हा आपल्यातलीही कितीतरी घरं त्या भागात होती, गिरण्या बंद पडल्या आणि लोक पांगले. आमच्या रिकाम्या बाकांचं एक कारण तेही आहे, सगळंच अविश्वासाच्या खात्यावर टाकू नये.

घरोघरच्या गुरुवारच्या प्रार्थना आमच्याकडंही होत्या. कधी बंद झाल्या ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नाव_नको

आयडी नवीन काढलाय, समजून घ्या.

मला तुमच्या सगळ्यांचं वाचून बोलायचं धाडस होतंय. आमचं घर आजोबांपासून विश्वासी. दाखल्यावर मात्र हिंदू आणि खाली जात. कारण सगळ्यांना माहीत आहे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंनाच ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. आजोबा गावकुसाबाहेरच राहायचे, बाप्तिस्मा घेतल्यावर गावानं त्यांना आत घेतलं असं काही झालं नाही, विहीर तीच लांबची राहिली, फक्त कायद्याला ते दिसेनासे झाले. म्हणून वडिलांनी आमच्या दाखल्यावर जुनंच राहू दिलं. त्याच दाखल्यावर शिकलो, त्याच दाखल्यावर नोकरी आहे.

आता मी चर्चला जात नाही. कोणी फोटो काढेल, कोणी तक्रार करेल. घरी दार लावून भक्ती करतो. मुलीला सांगितलंय शाळेत बोलू नको. ती सात वर्षांची आहे, परवा म्हणाली पप्पा येशू आपलं सिक्रेट आहे का. मला रात्रभर झोप नाही. पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं तेच मी करतोय का रोज? तुम्ही लोक ऱ्हास ऱ्हास म्हणताय, आमच्यासारखी कितीतरी घरं आकड्यात कुठंच नाहीत, चर्चच्या पण नाही आणि जनगणनेच्या पण नाही.

रेल्वे_लाईन्स_रिटायर्ड

भाऊ, दुखेल असं लिहितोय पण लिहितो. आमच्या वडिलांनी ख्रिस्ती लिहिलं आणि सवलती सोडल्या, रेल्वेत खलाशी म्हणून लागले, आम्ही भावंडं कंदिलाखाली शिकलो. मला वाटतं खोट्या कागदावर उभा केलेला संसार माणसाला आतून खातो आणि तुम्हाला तो खातोय हे तुमच्याच लिहिण्यात दिसतंय. प्रभू म्हणाला जो मला मनुष्यांसमोर पत्करील. हे वचन मी पुसू शकत नाही.

महिला_मंडळ_मावशी

दादा, तुमचा मान राखून बोलते. तुमच्या वडिलांना रेल्वेत घेणारं कोणीतरी होतं. सगळ्यांना ते दार उघडं नव्हतं. आणि अन्याय आधी कायद्याचा आहे, जातीचा चटका तसाच ठेवून औषध तेवढं काढून घेतलं, त्याचा जाब या पोराला विचारायचा का?

बाळा, २ राजे ५ वाच. अरामचा सेनापती नामान कोडातनं बरा झाला, जिवंत देवाला मानायला लागला, आणि लगेच अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची परमेश्वरानं क्षमा करावी. अलीशा त्याला झापत नाही. शांतीने जा म्हणतो. बस, एवढंच. मी कितीदा वाचलंय ते, अलीशानं त्याला परवानगी दिली असं मी म्हणत नाही, पण त्यानं दार लावलं नाही.

सात_रस्ता_कॅथलिक

मी एवढंच टाकतो की योहान १९ मध्ये अरिमथाईकर योसेफ यहूद्यांच्या भीतीनं गुप्त शिष्य होता असं सरळ लिहिलंय. निकदेम येशूकडे रात्री येणारा. जे उघडपणे बरोबर होते ते बहुतेक पळाले आणि प्रभूचं शरीर मागायला पिलाताकडे गेला तो गुप्त शिष्य. म्हणजे भित्र्या माणसाचीही वेळ येते, आणि आली तेव्हा तो गेला. आमच्या घरी संध्याकाळची रोझरी आजीपासून चालू आहे, तुमच्यासाठी आज त्यात मागतो, नाव न घेता.

नाव_नको

काकांचं पण पटतंय आणि मावशींचं पण. दोन्ही एकदम पटतात हाच त्रास आहे. पण कोणी हाकललं नाही, यासाठी आभार.

रेल्वे_लाईन्स_रिटायर्ड

हाकलायचा प्रश्नच नाही भाऊ. माझं मत मी बदलत नाही, पण तुमच्या मुलीच्या वाक्यानं मलाही झोप लागणार नाही. भेटायचं असेल तर मेसेज करा, माझ्या घरी या, कोणाला कळायचं कारण नाही.

जुळे_सोलापूर_ताई

मी धागा काढला तेव्हा इतकं काही येईल असं वाटलं नव्हतं. सगळं मुलाला वाचून दाखवलं, नाव_नको यांचं त्यानं स्वतः दोनदा वाचलं. मग म्हणाला की इंग्लंडमधला माणूस धर्म नाही असं लिहितो तेव्हा त्याचं काही जात नाही, आणि इकडं एक माणूस लिहिता येत नाही म्हणून रडतोय, मग दोन्ही आकडे एकच कसे. मला उत्तर सुचलं नाही, पण त्याला आकड्याच्या मागं माणूस दिसला एवढं खरं.

आता जे माझ्या मनात पक्कं होत चाललंय ते लिहिते. विश्वास टिकतो तो रोजच्या लहान गोष्टींनी, आणि त्या लहान गोष्टी एकट्यानं फार दिवस होत नाहीत. पौलानं २ तीमथ्यमध्ये तीमथ्याच्या आजीचं आणि आईचं नाव घेतलंय, लोईस आणि युनीके, बाप ग्रीक होता, सभास्थानात मान होता असं काही नव्हतं, घरातल्या दोन बायकांनी ते पोचवलं. म्हणजे घर पाहिजेच. पण इब्रीकरांस पत्रात दहाव्या अध्यायात एकत्र जमणं सोडू नका, कित्येकांची तशी चाल आहे, असंही लिहिलंय, म्हणजे तेव्हाही लोक यायचे बंद झालेच होते आणि हे लिहिणाऱ्यानं त्यांच्यावर चिडण्याऐवजी उरलेल्यांना एकमेकांना उत्तेजन द्या सांगितलं. मोबाईलवरचा संदेश कितीही चांगला असू द्या, माझ्या डोळ्यातलं पाणी त्या पाळकांना दिसत नाही आणि माझ्या शेजारच्या बाकावरच्या आजी आज का आल्या नाहीत हे मला कळत नाही.

घरातल्या प्रार्थनेचं सांगते. आमच्याकडं ती लांबत लांबत अर्धा तास व्हायची, मोठ्यांनीच करायची, पोरं डुलक्या घ्यायची. आता एक उतारा, एक गीत, आणि प्रत्येकानं आज कोणासाठी मागायचं ते एक नाव, बस. उतारा पोरानं निवडायचा. त्यानं उपदेशक काढलं, सगळं व्यर्थ, आणि ह्यांना वाटलं हे काय भलतंच, पण त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिघं उताऱ्यावर बोलत बसलो.

हिंजवडी_फेज२

उपदेशक माझंपण फेवरिट.

ताई एक अजून. पुण्यात आम्ही सोलापूर-नगरकडचे गेलोच चर्चला तर इंग्लिश सर्विसला जातो, चकाचक असतं, पण ना. वा. टिळकांची भजनं नाहीत, पेटी-तबला नाही, आणि मग देवाशी इंग्लिशमध्ये बोलायची सवय लागते आणि आईबरोबर प्रार्थना करताना शब्दच सापडत नाहीत. त्या टिळकांनीच १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला होता ना, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे एकत्र. मला पूर्वी तेवढंच आवडायचं की त्यांनी मिशन सोडलं, बघा टिळकांनी पण सोडलं असं मी मित्रांना सांगायचो. आता हे वाचून वाटतं की त्यांनी सोडून माणसं गोळा केली, आणि मी सोडून फक्त बसमध्ये बसलो.

महिला_मंडळ_मावशी

बसमधली प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच आहे रे, ती मोडू नको. तिला सोबत दे.

पूर्व_भाग

ताई, गुरुवारची घरची प्रार्थना पुन्हा सुरू करायची असेल तर आम्ही येऊ. आमच्यातला एक पोरगा तबला चांगला वाजवतो. गीत मराठी चालेल.

जुळे_सोलापूर_ताई

हेच लिहायला आले होते. आमच्या ह्यांच्याशी बोलले, पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, ते हो म्हणाले आणि स्वतः येतो म्हणाले, पण संदेश देणार नाही, बसणार. पुढच्या महिन्यापासून महिन्यातला पहिला शनिवार, संध्याकाळी, आमच्या घरी. एक उतारा, गीतं, आणि नंतर ज्याला जे विचारायचंय ते विचारायचं. सिद्धरामेश्वराला मानणाऱ्या मित्राचा प्रश्न पहिला घेऊ, तो पोरगा पुण्याहून आला तर त्याच्यासमोर, नाहीतर फोनवर. पेटीवाल्या काकांना विचारलं, ते म्हणाले जमेल तेवढा वेळ आधी येतो, कोणाला शिकायचं असेल तर बसवा माझ्याजवळ. माझा मुलगा हो म्हणालाय, बघू किती दिवस टिकतो.

रेल्वेवाले काका, तुम्ही आणि मावशींनी दोघांनी यायचं, मतं घेऊनच या.

रेल्वे_लाईन्स_रिटायर्ड

येतो. गुडघा साथ देत नाही, पण रिक्षानं येतो. येताना दोघं-तिघं म्हातारे घेऊन येतो, ते घरी बसून कंटाळलेत.

हिंजवडी_फेज२

त्या शनिवारी सुट्टी टाकतो. मम्मीला अजून सांगितलं नाही, ती रडेल.

नाव_नको

ताई, मुलीला घेऊन आलो तर चालेल का? आणि फोटो वगैरे…

जुळे_सोलापूर_ताई

फोटो नाही, स्टेटस नाही, ग्रुपवर नावं नाहीत, हे पहिल्याच मेसेजमध्ये सगळ्यांना लिहून टाकते. मुलीला नक्की आणा, माझी भाची तिच्याच वयाची आहे. पत्ता तुम्हाला वेगळा मेसेज करते. जेवण आमच्याकडंच आहे, तिखट चालतं का मुलीला तेवढं कळवा.